पस्तीस की छत्तीस?

महिन्यातून दोन रविवारी मी सातारच्या स्टँडवरून सकाळची एस.टी. पकडतो आणि दहिवडीला भाचीच्या घरी जातो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रविवार काय आणि बुधवार काय, सारखेच. पण भाचीला सुटी रविवारची. माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, तिथे ती शिकवते. तेवीस वर्षे शिकवते आहे. आणि एवढ्या वर्षांनंतर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यालगत एक टेबल मांडले आहे, त्यावर बालभारतीच्या तिसरीपासून दहावीपर्यंतच्या पुस्तकांची चळत आहे, आणि समोरच्या खुर्चीवर परीक्षक म्हणून मी.

कारण बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांनीही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायला हवी, असे त्यात म्हटले आहे. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहण्यापुरती सूट. बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. त्या मुदतीत जमले नाही, तर सेवानिवृत्तीचे लाभ घेऊन घरी. भाचीची अकरा वर्षे नोकरी बाकी आहे. मुलगा बारावीला आहे, घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत.

पहिल्या दिवशी ती रागावलेलीच होती. "मामा, २००२ साली डी.एड. होऊन लागले. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तीन हजारांवर काढली. त्या वेळी ही परीक्षाच नव्हती. मी शिकवलेली पोरं आज इंजिनियर झालीत, एक तर पोलीस उपनिरीक्षक आहे. आणि आता मला विचारणार, तुम्ही पात्र आहात का?"

तिचा राग मला समजत होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षकांची किमान अर्हता ठरवताना टीईटीची अट घातली, आणि आपल्या राज्यात ही परीक्षा २०१३ पासून सुरू झाली. सामना सुरू झाल्यावर नियम बदलले, असे कुणाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. त्या निकालाचे पुढे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण अभ्यासाला बसलेल्या माणसाने न्यायालयाकडे डोळे लावून बसू नये, एवढे मी तिला सांगितले आणि पहिला सराव संच पुढे ठेवला.

एक गुण कमी

ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही, त्यांच्यासाठी या परीक्षेविषयी थोडेसे. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांच्या पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न असतात आणि वेळ दीडशे मिनिटांचा. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग, प्रत्येकी तीस गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पंचावन्न. ऐकायला सोपे वाटते, पण राज्यात या परीक्षेच्या निकालाची टक्केवारी एक आकडी राहात आली आहे.

यातला परिसर अभ्यास हा सामान्य ज्ञानाचा विभाग. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान, पर्यावरण असे सगळे त्यात एकत्र येते. गणिताची भीती प्रत्येकाला असते, त्यामुळे त्याची तयारी होते. परिसराची भीती कुणालाच नसते. "हे तर आपण रोजच शिकवतो," असे म्हणून शिक्षक तो विभाग शेवटी ठेवतात. भाचीनेही तसेच केले. पहिल्या सराव चाचणीत तिला परिसर अभ्यासात तीसपैकी सतरा गुण मिळाले. साठ टक्क्यांना एक कमी.

ती बराच वेळ उत्तरपत्रिकेकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "मामा, हे तुमच्याकडंच ठेवा. घरात कुणाला दाखवू नका."

चुकलेल्या तेरा प्रश्नांपैकी एक प्रश्न होता महाराष्ट्रात जिल्हे किती, हा. तिने 'पस्तीस'वर खूण केली होती. मी म्हटले, "अगं, छत्तीस. पालघर विसरलीस." ती म्हणाली, "असं कसं? आमच्या वर्गातल्या नकाशात पस्तीसच आहेत." नकाशा शाळेच्या भिंतीवर २०१४ च्या आधीपासून टांगलेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, ही बातमी तिने त्या वेळी वाचली असणारच. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या नकाशाने बातमीवर मात केली. आणि त्या नकाशावरून दहाएक वर्षे मुले जिल्हे पाठ करत होती.

तेव्हापासून तिचा राग बराच निवळला. परीक्षेने तिच्यावर अन्याय केला की नाही, हा प्रश्न तसाच होता. पण नकाशाचा प्रश्न तिच्या वर्गातल्या मुलांचा होता, आणि त्याचे उत्तर तिलाच द्यायचे होते.

वागाडुगू आणि आडसाली

इथे मला माझी परीक्षा आठवली. १९८३ साली मी बँकेतील अधिकारीपदाच्या परीक्षेला बसलो, तेव्हा सामान्य ज्ञानासाठी आम्ही देशांच्या राजधान्या पाठ करत असू. 'अपर व्होल्टा – वागाडुगू' हे मी इतके घोटले होते, की झोपेतही सांगितले असते. राज्यात जिल्हे किती, याचे उत्तर त्या वर्षी तीस होते. मी चौथीत असताना ते सव्वीस होते. १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना झाले, १९८२ साली लातूर आणि गडचिरोली. पुढे १९९० साली मुंबई उपनगर आले, १९९८ साली नंदुरबार आणि वाशिम, १९९९ साली हिंगोली आणि गोंदिया, आणि शेवटी पालघर. एका माणसाच्या हयातीत एकाच प्रश्नाची इतकी बरोबर उत्तरे होऊन गेली.

मी पास झालो, अधिकारी झालो. नेमणूक मिळून पहिल्या ग्रामीण शाखेत रुजू होईपर्यंत अपर व्होल्टाचे नाव बदलून बुर्किना फासो झाले होते. ऑगस्ट १९८४ मध्ये. राजधानी तेवढी वागाडुगूच राहिली.

शाखा कृष्णाकाठच्या एका गावी होती, सगळा उसाचा मुलूख. एका शेतकऱ्याचे पीककर्जाचे प्रकरण मी मोठ्या ऐटीत तयार केले आणि परतफेडीची मुदत लिहिली बारा महिने. ऊस बारा महिन्यांचे पीक, हे मी कुठेतरी वाचले होते. शेतकरी वयस्क होता. कागद पाहून त्याने टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "सायेब, ह्यो आडसाली हाय. सोळा-अठरा म्हैनं रानात ऱ्हाणार. बारा म्हैन्यात काय कवळा तोडून आणू का तुमच्याकडं?"

आमचे हेडकॅशिअर हसू दाबत नोटा मोजू लागले. जुलै-ऑगस्टात लागतो तो आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू, आणि बारा महिन्यांचा असतो तो हा सुरू ऊस. एवढे ज्ञान त्या गावातल्या दहा वर्षांच्या पोराला होते आणि ते सामान्य ज्ञानच होते. माझ्या परीक्षेत त्यावर एकही प्रश्न नव्हता. पण म्हणून ती परीक्षा वाया गेली, असेही मी म्हणणार नाही. वर्तमानपत्र रोज वाचायची, नकाशा उघडून पाहायची सवय मला त्या परीक्षेनेच लावली. राजधान्या गेल्या, सवय टिकली.

भाचीला मी हेच सांगितले. पाठांतराला तू हसू नकोस, कारण मिनिटात एक उत्तर द्यायचे तर काही गोष्टी जिभेवरच असाव्या लागतात. पण प्रत्येक उत्तराच्या मागे एक 'का' असतो. तो सापडला की उत्तर विसरायला होत नाही.

सस्पेन्स खाते

आमची पद्धत अगदी साधी आहे. बँकेत दिवसअखेर रोकड जुळवावी लागते. पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचे नाही, असा आमच्या वेळचा शिरस्ता होता. आणि एखादी रक्कम कुठल्या खात्यावर टाकायची हे त्या दिवशी कळले नाही, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवायची. खाते मात्र वेळच्या वेळी रिकामे झालेच पाहिजे.

भाचीने दोन वह्या केल्या. एक चुकांची. चुकलेला प्रश्न, आपण काय उत्तर दिले, बरोबर काय आणि आपण का चुकलो, अशा चार ओळी. दुसरी वही सस्पेन्स खात्याची. उत्तर बरोबर आले, पण का ते कळले नाही, असे प्रश्न तिच्यात जातात. दर रविवारी आम्ही ते खाते उघडतो.

लोणारचे सरोवर असेच आधी चुकांच्या आणि मग सस्पेन्सच्या वहीत गेले. ते कशामुळे निर्माण झाले, या प्रश्नाला तिने 'ज्वालामुखी' हे उत्तर दिले होते. तिचे म्हणणे, दख्खनचा सगळा काळा पाषाण ज्वालामुखीचाच, मग लोणार वेगळे कसे? विचार चुकीचा नव्हता, अर्धवट होता. तिथला खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, बेसाल्ट. पण खड्डा झाला तो त्या खडकावर बाहेरून येऊन आदळलेल्या अशनीमुळे. खडक वेगळा आणि खड्डा वेगळा, हे लक्षात आल्यावर तिने वहीत स्वतःच एक चित्र काढले. आता हा प्रश्न कितीही फिरवून विचारला, तरी तिचे उत्तर चुकणार नाही.

काही प्रश्नांना ती पर्याय वाचायच्या आधीच उत्तर देते. माणदेशात पाऊस कमी का, हा त्यांतला एक. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमची दहिवडी, तिथे जेमतेम पाचशे. 'पर्जन्यछाया' हा शब्द ती वर्गात शिकवते तेव्हा एका मुलाला उभे करते, त्याला सह्याद्री म्हणते, एका बाजूने पाण्याचा हबका मारते आणि पलीकडे बसलेल्यांना विचारते, तुम्ही भिजलात का? मुले हा धडा जन्मभर विसरणार नाहीत. बाईही विसरलेल्या नाहीत.

एका रविवारी मी प्रश्न वाचत होतो. महाराष्ट्रातील रोजगार हमीचा कायदा कोणत्या वर्षी संमत झाला? पर्यायांत १९७२ही होते आणि १९७७ही. भाची म्हणाली, सत्याहत्तर. बरोबर होते. तेवढ्यात पलीकडे शेंगा फोडत बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "सत्याहत्तर कशाला? बाहत्तर साली खडी फोडलीया मी. नवी नवरी हुते. सुकडी मिळायची दुपारला."

आम्ही दोघेही थांबलो. १९७२ चा दुष्काळ, खडीची कामे आणि दुपारची सुकडी या गोष्टी मी सातारला राहून वर्तमानपत्रांत वाचलेल्या. या बाई त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या आणि रस्त्यावर उन्हात बसून दगड फोडत होत्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. योजना सुरू झाली १९७२ मध्ये, तिचा कायदा झाला १९७७ मध्ये. मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्यात उतरायला मधली पाच वर्षे गेली. देशपातळीवर असा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

त्या दिवशी पुढचे प्रश्न राहून गेले. सासूबाई सांगत राहिल्या, कुठल्या रस्त्याचे काम होते, मुकादम कसा मोजमाप घ्यायचा, जनावरे कुणी कुठे नेली, हातांना फोड आले की काय लावायचे. बारावीतला नातू मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होता. भाची माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "तेवीस वर्षं झाली मला या घरात येऊन. हे मी कधी विचारलंच नाही त्यांना."

परीक्षा कुणाची?

म्हणून मला या प्रश्नावर दोन्ही बाजूंना काही सांगावेसे वाटते.

शिक्षकांना सांगायचे ते असे. 'आम्हाला पुन्हा परीक्षा कशाला?' हा तुमचा सवाल नोकरीच्या दृष्टीने रास्त असेल, पण ज्ञानाच्या दृष्टीने तो टिकत नाही. जिल्हे वाढतात, शहरांची नावे बदलतात, २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले जाते. भिंतीवरचा नकाशा स्वतःहून बदलत नाही. डॉक्टर आणि वकील यांनी अद्ययावत असावे, अशी आपली अपेक्षा असते. ती मास्तरांकडूनही असणार. शिवाय या परीक्षेला एक काळा डाग लागलेला आहे. जानेवारी २०२० मधल्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे २०२१ च्या अखेरीस पोलीस तपासात उघड झाले आणि पुढच्या वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. अशा वेळी ओट्यालगत बसून, चुकांची वही भरून प्रामाणिकपणे पास होणारा प्रत्येक शिक्षक या पेशाची पत थोडी थोडी परत मिळवत असतो. पत गेली की काय होते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

सरकारला सांगायचे ते वेगळे. जिची परीक्षा घेता, तिला अभ्यासाला वेळ द्या. माझी भाची दोन वर्गखोल्यांत पाच इयत्ता सांभाळणाऱ्या दोघांपैकी एक. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद तिनेच ठेवायची, ऑनलाइन माहिती तिनेच भरायची, मतदार यादीचे काम आले की घरोघर तिनेच फिरायचे. संध्याकाळी सहाला घरी आल्यावर भाकरी. रात्री नऊनंतर परिसर अभ्यास. तेवीस वर्षे ज्यांच्याकडून ही सगळी कामे करून घेतली, त्यांना परीक्षेआधी काही आठवडे तरी या इतर कामांतून मोकळे करावे, तालुक्याला एखादा चांगला मार्गदर्शन वर्ग भरवावा, ही काही चैनीची मागणी नाही. आणि प्रश्न काढणाऱ्यांनीही नावे आणि सनावळ्या यांच्याइतकीच जागा 'का' आणि 'कसे' यांना द्यावी. शिखराची उंची विचारा, पण त्या शिखराच्या पलीकडे पाऊस का पडत नाही, हेही विचारा.

घरच्या मंडळींनाही सांगणे आहे. आज राज्यात कितीतरी घरांत चाळिशी-पन्नाशीची शिक्षिका पुस्तक घेऊन बसली असेल. तिला हसू नका. "या वयात काय अभ्यास?" हे वाक्य घरात उच्चारू नका. एक वेळची भांडी दुसऱ्या कुणीतरी घासा. प्रश्न वाचून दाखवायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवा. पुस्तकात नसलेली उत्तरे त्यांच्याकडे निघतील. मुलांनाही आईला चुकताना आणि चूक दुरुस्त करताना पाहू द्या. गुणपत्रिकेपेक्षा तो धडा त्यांना जास्त उपयोगी पडेल.

याच माणदेशावर व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीतला कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शिकवायला जातो आणि शिकवता शिकवता वाडीकडून शिकतो. त्याला कुठली पात्रता परीक्षा नव्हती. पण वाडी रोज त्याची परीक्षा घेत होती. आजच्या शिक्षिकेला दोन्ही परीक्षा आहेत, एवढाच फरक.

गेल्या खेपेला भाचीने तीसपैकी चोवीस गुण मिळवले. जायला निघालो तेव्हा तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. शाळेतला तोच जुना नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरला होता, भोवती मुले उकिडवी बसली होती. नवा नकाशा मागितला आहे, यायचा तेव्हा येईल. तोवर चौथीतल्या एका मुलीने लाल पेनने ठाणे जिल्ह्यात एक रेघ ओढली होती आणि जरा वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते, पालघर.

"चूक माझी होती, हे मी त्यांना सांगितलं," भाची म्हणाली. "म्हटलं, तुमच्या बाई परीक्षेत नापास होता होता वाचल्या. तर पोरं म्हणाली, बाई, आता आम्ही तुमची परीक्षा घेऊ. आता रोज पोरं एक प्रश्न विचारतात, मामा."

"येतात का उत्तरं?"

"निम्मी येतात," ती म्हणाली. "उरलेली सस्पेन्स खात्यात."